आढ्याचे पाणी वळचणीला

दिवाळीच्या सुटीत दगडमाती गोळा करावी, किल्ला रचावा, उतारावर अळीव पेरावे आणि शिखरावर महाराजांस बसवावे, हा महाराष्ट्रातील मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे. आम्ही तो पेणच्या अंगणात केला, आमच्या चिरंजीवांनी तेथेच केला आणि आमचा नातू तो नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत करीत आला. अंगण गेले, परंतु किल्ला गेला नाही, याचे आम्हांस नेहमी समाधान वाटे. गेल्या दिवाळीस मात्र या चिरंजीवाने निराळाच बेत काढला. त्यास किल्ला करावयाचा नव्हता. फ्रान्स देशातील, लढाईत सापडलेल्या एका खेड्याचा देखावा करावयाचा होता.

घरात लागलीच दोन तट पडले. दहावीचे वर्ष तोंडावर आले असता मुलाने पुठ्ठे कातरीत बसावे, हे आमच्या चिरंजीवांस पसंत नव्हते. सूनबाईंचे म्हणणे असे की, मोबाईलमध्ये डोके खुपसून बसण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. आम्ही जन्मभर शाळामास्तर; तेव्हा आमचा कौल कोणीकडे पडला असेल हे वाचकांनी ओळखलेच असेल. शिवाय आमचा एक तात्त्विक आक्षेपही होता. आम्ही म्हणालो, "अरे, युद्ध म्हणजे काही खेळणे नव्हे. कोणाची तरी घरे पडली, माणसे मेली, त्याची शोभा मांडावयाची काय?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, आपण किल्ल्यावर तोफा ठेवतोच की!" चाळीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांस निरुत्तर करणारे विद्यार्थी फार थोडे भेटले, त्यांत एकाची भर पडली.

त्याच्या मनात १९४४ सालची नॉर्मंडी होती, कारण खोक्यात मिळणारे रणगाडे बहुतेक त्या स्वारीचे असतात. आम्ही त्यास म्हटले की, फ्रान्सची लढाईच दाखवावयाची तर जिच्याशी आपला काही संबंध आहे अशी दाखव. पहिल्या महायुद्धात, २६ सप्टेंबर १९१४ रोजी, हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनच्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या. त्या डिव्हिजनमध्ये खडकी येथे ठाणे असलेल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. हेच आपले बॉम्बे सॅपर्स; त्यांत मराठे, शीख आणि मुसलमान असे तिन्ही प्रकारचे जवान असत. यांचे खरे काम पूल बांधण्याचे, रस्ते करण्याचे, खंदक खणण्याचे. परंतु २८ ऑक्टोबर १९१४ रोजी उत्तर फ्रान्समधील नव शापेल या खेड्यावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर त्यांसही हल्ल्यास पाठविले गेले. ते गावात शिरले, घराघरांतून हातघाई झाली. पण पाठीमागून कुमक न पोचल्यामुळे त्यांस माघार घ्यावी लागली आणि दोन्ही कंपन्यांची भयंकर हानी झाली. पुढे १९१५ च्या मार्च महिन्यात, १० पासून १३ तारखेपर्यंत, त्याच गावी मोठी लढाई झाली. तेथे आज हिंदी सैनिकांचे स्मारक उभे आहे. सर हर्बर्ट बेकर या वास्तुशास्त्रज्ञाने ते रचले, ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ज्यांची थडगीसुद्धा सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे त्याच्या भिंतीवर कोरलेली आहेत.

हे ऐकून नातू काही वेळ बोलला नाही. नंतर त्याने रणगाड्याचे खोके बाजूस ठेवले आणि विचारले, "आजोबा, त्या गावातली छपरे कशी होती?" येथून आमचा तात्त्विक आक्षेप मागे पडला आणि आम्ही स्वतःच त्या देखाव्यात ओढले गेलो.

असे देखावे करणारे लोक बहुधा पस्तिसास एक हे प्रमाण धरतात. जपानच्या तामिया कंपनीने ते रूढ केले. म्हणजे प्रत्यक्षातील पस्तीस सेंटिमीटर तेथे एक सेंटिमीटर होतात. आठ मीटर लांबीचे घर तेवीस सेंटिमीटरांत बसते आणि पाच मीटरांचा उतार चौदा सेंटिमीटरांत. हिशेब सोपा आहे. अवघड काम पुढेच आहे, कारण पाहणाऱ्याची दृष्टी वरून पडते आणि म्हणून छप्पर हेच अशा देखाव्याचे मुख होते. भिंतीतील चूक झाकते, छपरातील झाकत नाही.

पहिल्याच आठवड्यात आमची एक फजिती झाली, ती सांगितलीच पाहिजे. नातवाने पुठ्ठ्यावर कौलांची आखणी केली, ती पाहून आम्ही म्हणालो, "हे तर आपले मंगळुरी कौल! फ्रान्सच्या घरावर हे कोठून येणार?" त्याने निमूटपणे एक जुने छायाचित्र दाखविले. कौले तीच! तीच खोबण, तोच मधला उंचवटा, तीच एकात एक अडकण्याची तऱ्हा. मग आम्ही पुस्तके उघडली. १८४१ साली अल्सास प्रांतातील आल्टकिर्श येथील जिलार्दोनी नावाच्या दोघा भावांनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचा हक्क नोंदविला. तोपर्यंतची कौले नुसती एकावर एक ठेवलेली असत. वाऱ्याने हलत, वजनाने घसरत. या नव्या कौलास कडेला खोबण असल्यामुळे कौले कमी लागत, छप्पर हलके होई आणि पाणी आत शिरत नसे. मार्सेयजवळच्या मातीची अशी कौले पुढे जहाजांतून जगभर गेली. आपल्याकडे बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने १८६५ साली मंगळूर येथे नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा कारखाना काढला आणि त्या घराण्यातले कौल कोकणच्या घराघरांवर चढले. ज्यास आम्ही जन्मभर 'आपले' म्हणत आलो, त्याचे आजोळ फ्रान्सकडचे निघाले! खडकीचे जवान मार्सेयच्या बंदरात उतरले तेव्हा परक्या मुलखातली ती लाल छपरे त्यांतील कोणास आपल्या गावची आठवण देऊन गेली असतील काय, हा विचार तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही.

तथापि फ्रान्समध्ये सर्वत्र एकच छप्पर असते असे नव्हे. दक्षिणेस अर्धगोल नळीची कौले. ती आपल्या देशावरील कुंभाराच्या नळ्यांची सख्खी बहीण शोभावीत. त्यांचा उतार थोडा, कारण ती नुसती ठेवलेली असतात आणि उतार वाढला की घसरतात. पश्चिमेकडे पाटीच्या काळ्या दगडाची छपरे. हा दगड आंझे शहराजवळच्या त्रेलाझेच्या खाणींतून निघे, त्या खाणी २०१३ साली बंद झाल्या. असे छप्पर खिळ्यांनी ठोकलेले असते, म्हणून उभट चालते. पॅरिसमध्ये जस्ताचे पत्रे. ती करडी छपरे घडविणाऱ्या कारागिरांच्या विद्येस २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आणि उत्तरेस, नव शापेलच्या बाजूस, नागमोडी वळणाची मातीची कौले. म्हणून नातवाने मोठे घर नव्या अडकत्या कौलांचे आणि मागचा गोठा जुन्या नागमोडी कौलांचा असा बेत ठरविला.

अडकती कौले चौरस मीटरास पंधराच्या आसपास बसतात. चाळीस चौरस मीटरांच्या एका उतारास सहाशे झाली. देखावा समोरून पाहावयाचा, म्हणून मागचा उतार सोडून दिला. समोरचाही काही भाग तोफेने उडालेला. तरी चारशे कौले हवीतच. प्रत्येक कौल सुमारे बारा मिलिमीटर लांब आणि सात रुंद. ती एकेक कोरीत बसला असता तर दहावीच काय, बारावीही गेली असती. येथे पेणची विद्या उपयोगी पडली. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत रबरी साचे कसे करतात हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. त्याने मेणात वीस कौले नीट कोरली, त्यांवर रबराचा साचा केला आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून वीस वेळा कौले काढली. त्या प्लॅस्टरचे नाव पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीतील जिप्समवरून पडले आहे. तेव्हा सामग्रीही अस्सल ठरली. जी कौले काढताना फुटली ती टाकली नाहीत. खाली पडलेल्या ढिगाऱ्यास तीच हवी होती. गोठ्याच्या नागमोडी कौलांसाठी सूनबाईंच्या विणकामाच्या सुया ओळीने मांडून त्यांवर ओला कागद दाबला आणि वाळल्यावर फुटपट्टीने मोजून कापला.

रंगाच्या बाबतीत एकच सांगणे आहे. नवशिके सगळे छप्पर एका लाल रंगाने माखतात. खऱ्या छपरावर दोन शेजारची कौले कधी एका रंगाची नसतात. भट्टीत जी आचेजवळ ती काळसर, जी दूर ती फिकट. शेवाळाचीही एक रीत आहे. पन्नास अंशांहून अधिक उत्तरेस असलेल्या त्या मुलखात सूर्य नेहमी दक्षिणेस कललेला असतो, म्हणून उत्तरेकडचा उतार ओला राहतो आणि शेवाळ तेथे धरते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ते चोहोंकडे उगवते. नातवाने प्रथम दोन्ही उतारांवर हिरवा रंग फासला होता. भूगोलाच्या मास्तरांचा नातू म्हणून त्यास तो पुसावा लागला.

आता पन्हळ. संस्कृत 'प्रणाल' शब्दापासून आपला हा शब्द आला. अमरकोशात छपराच्या कडेस 'वलीक' आणि 'नीध्र' अशी दोन नावे दिलेली आहेत; वळचणीचा विचार आपल्या पूर्वजांनी केला होता हे उघड आहे. परंतु कोकणातील कित्येक जुन्या घरांस पन्हळच नसते. आपल्याकडे वर्षाचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो; इतके पाणी धरील अशी पन्हळ कोण करणार? म्हणून आपण वळचण भिंतीपासून हातभर पुढे काढतो आणि पागोळ्या खालच्या दगडांवर पडू देतो. जेथे पाणी वळवावयाचे तेथेच पोफळीची उभी चिरलेली पन्हळ लावतो. उत्तर फ्रान्समध्ये वर्षास सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण तो बाराही महिने रिमझिमतो. तेथील वळचण आखूड, भिंत विटांची. पागोळी भिंतीवर उतरली तर ती कधी वाळणारच नाही. म्हणून तेथे घरोघर जस्ताची अर्धगोल पन्हळ असते.

या पन्हळीस मीटरामागे सुमारे पाच मिलिमीटर उतार देतात. दहा मीटरांस पाच सेंटिमीटर. पस्तिसास एक या प्रमाणात जेमतेम दीड मिलिमीटर. इतका उतार डोळ्यांस दिसत नाही, पण नसला तर मात्र काहीतरी चुकल्यासारखे दिसते. नळ भिंतीवरून खाली येतो तो जस्ताचा. परंतु जमिनीजवळचा भाग बिडाचा असतो, कारण तेथे गाडीची चाके आणि माणसांचे पाय लागतात. या बिडाच्या तुकड्यास फ्रेंच लोक 'दोफँ', म्हणजे डॉल्फिन मासा म्हणतात. पूर्वी त्याचे तोंड त्या माशाच्या आकाराचे करीत. आपल्या देवळांतील मकरमुखी प्रणाल आणि गोमुख आठवावे! पाणी सोडावयाचे ते एखाद्या जीवाच्या मुखातून, ही कल्पना दोन्हीकडच्या कारागिरांस सुचली.

नातवाने शीतपेयाच्या डब्याचा पत्रा पेन्सिलीवर वळवून पन्हळ केली आणि तीवर तांबूस गंजाचे ओघळ काढले. आम्ही त्यास थांबविले. जस्त तांबडे गंजत नाही; ते निस्तेज करडे होते, त्यावर पांढुरकी पूड धरते. गंज यावयाचा तो लोखंडी आकड्यांस आणि त्यांच्याच खाली भिंतीवर ओघळ दिसावयाचे. एवढ्या फरकाने पन्हळ खरी वाटू लागली.

राहिले ते मोडणे. येथे मुलगा घाई करू लागला. आम्ही म्हटले, "अभंग छप्पर कसे उभे राहते हे ज्यास ठाऊक नाही, त्यास मोडके छप्पर करता येणार नाही." तोफेचा गोळा फुटला की हवेच्या धक्क्याने कौले उडतात, घसरतात आणि वळचणीशी व तिच्या खाली ढीग होतो. रिपा कडाकड मोडतात, वासे पुष्कळदा तसेच उभे राहतात. जनावराच्या बरगड्यांसारखे दिसतात. मोडलेल्या लाकडाचा आतला भाग पिवळा, बाहेरचा काळा. फुटलेल्या कौलाची कड ताजी लाल, पाठ मळकी. पन्हळ मात्र तुटत नाही. ती फाटते, पिळवटते आणि एखाद्या आकड्यास लोंबत राहते. हे सर्व आम्ही अधिकारवाणीने सांगितले खरे, परंतु वासे आणि रिपा प्रत्यक्ष पाहिल्यावाचून मुलास ते कळेना. मे महिन्यात पेणच्या घरी जावयाचेच होते. मनात म्हटले, माळ्यावर चढवून दाखवू.

पेणला जाण्याचे खरे कारण निराळे होते. आमचे धाकटे बंधू तेथे राहतात. घर गळते म्हणून कौले उतरवून पत्रा घालावा असे त्यांनी ठरविले होते आणि आमची संमती मागितली होती. आम्हांस ते रुचले नाही. आम्ही बोललो, "वडिलांनी घातलेले छप्पर! त्याखालचा गारवा पत्र्यास येईल काय?" बंधू म्हणाले, "दादा, तुम्ही वर्षातून दोन दिवस येता, तुम्हांला कौले शोभिवंत दिसतात. माकडांनी फोडलेली मला बदलावी लागतात. शाकारणीला माणूस मिळत नाही. साठी मलाही जवळ आली आहे." यास काय उत्तर देणार? बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात उतरत्या कौलारू छपरांची सुंदर वसाहत बांधली. त्यांतील पुष्कळ घरे मालकांनी पुढे पाडून स्लॅबची केली. आम्ही फिरावयास जातो तेव्हा हळहळतो. परंतु हळहळणाऱ्यास छपरावर चढावे लागत नाही, हे त्या दिवशी प्रथम उमगले.

आम्ही दोघे भाऊ ओटीवर असे बोलत बसलो असता नातू माळ्यावरून ओरडला, "आजोबा, इथलं पाणी जातं कुठे?" सहा महिने पन्हळीचा विचार केल्यामुळे त्याची दृष्टी तेथेच गेली होती. वर जाऊन पाहतो तो माजघराच्या बाजूस जेथे पडवीचे छप्पर मिळते, तेथील पत्र्याची पन्हळ आंब्याच्या पाल्याने बुजून मागच्या अंगास कुजून गेली होती. सगळे पाणी उलट फिरून पाच वाशांच्या टोकांवर आणि भिंतीवरच्या तुळईत मुरत होते. टोके बोटाने दाबली तर भुगा पडे. आम्ही सर्वांनी इतकी वर्षे दोष दिला तो कौलांस. कौले बहुतेक धड होती. एक उलटून पाहिले, तर पाठीवर कारखान्याचे नाव अजून स्पष्ट वाचता येत होते.

सुतार बोलावला. पाच वाशांस नवी टोके जोडली, तुळईचा कुजका तुकडा बदलला, रुंद आणि जाड पन्हळ बसविली, फुटकी कौले बदलली. खर्च पत्र्याच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी आला. तो आम्ही भावांनी सारखा वाटून घेतला. परंतु खरा करार पैशाचा नव्हे. दर वर्षी वैशाखात आठ दिवस आम्ही आणि नातू पेणला जाऊन शाकारणीस हात लावावयाचा आणि पन्हळ साफ करावयाची, असे बंधूंस वचन दिले. ते हसून म्हणाले, "दादा, तुम्ही खालूनच सांगा, वर त्याला चढू दे." पावसाळ्यात एके ठिकाणी थोडे टपकले, बाकी घर कोरडे राहिले. पत्र्याचा विषय सध्या तरी मागे पडला आहे.

देखावा जूनमध्ये पुरा झाला. त्यात एकही सैनिक नाही. नातू म्हणाला, "माणसं नीट जमली नाहीत तर वाईट दिसेल, त्यापेक्षा घरच ठेवतो." उघडे वासे, ढिगारा, लोंबणारी पन्हळ आणि खाली बिडाचा तो डॉल्फिन तेवढा शाबूत. फळीवर त्याने स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे: नव शापेल, २८ ऑक्टोबर १९१४. आमच्या चिरंजीवांनी तो स्वतः दिवाणखान्यात मांडला; दहावीचा अभ्यासही बरा चालला आहे.

आढ्याचे पाणी अखेर वळचणीला येते, अशी आपल्यात म्हण आहे. ती आम्ही वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितली. पण वळचणीशी ते पाणी कोठे जाते हे पाहावयास वर चढलो नव्हतो. ज्यांचे गावी कौलारू घर अजून उभे आहे अशा वाचकांस एवढीच विनंती की, मृगापूर्वी एकदा आपली पन्हळ पाहावी. आणि तेथे जे कोणी एकटे ती सांभाळीत असतील त्यांस विचारावे की, आम्ही काय करू?